रिपोर्ट ९ टक्क्यांवर आला तरी मॅडमनी का बोलावलं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की बडोद्यात एमएच्या दुसऱ्या सेमेस्टरला आहेस, घरी मराठी, शाळा गुजराती मीडियम, आणि असाइनमेंट इंग्रजीत लिहायची, विषय बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं सक्तीचं शिक्षण. पहिला रिपोर्ट (तुझं लिखाण दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतं ते सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगतं तो) ३४ टक्के आला, मग मैत्रिणीने सांगितलं म्हणून सगळं पॅराफ्रेझिंग टूलमधून, म्हणजे शब्द बदलून तेच वाक्य परत देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलं, आणखी थोडे शब्द फिरवले आणि ९ वर आणलं, तरी मॅडमनी बोलावलंय. शिवाय जवळजवळ अर्धा भाग एका गुजराती पुस्तकातून तू स्वतः भाषांतर करून लिहिलायस, तिथे सॉफ्टवेअर शून्य दाखवतंय, म्हणजे तो तर माझाच झाला ना, असं विचारतेयस.

नाही झाला. पण ते जरा नंतर, आधी टक्क्यांचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मी बरीच वर्षं एमएच्या मुलांना रिसर्च मेथड्स शिकवते, असाइनमेंट आणि डेझर्टेशन (मास्टर्सचा लघुप्रबंध) तपासते, आणि रिपोर्ट समोर ठेवून यात नक्की काय झालंय ते ठरवणाऱ्या कमिटीवरही बसलेय, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं तेच सांगते. १० टक्क्यांच्या खाली आलं की सुटलो असं सगळे धरून चालतात, तो आकडा कुठून आला तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांतून. त्यात लेव्हल आहेत, १० पर्यंत किरकोळ साम्य, दंड नाही, १० च्या वर ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून परत द्यायचं, ४० च्या वर ६० पर्यंत वर्षभर सुधारलेला प्रबंधसुद्धा देता येत नाही, आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. हे सगळं कॅन्टीनपर्यंत पोचताना फक्त 'दहाच्या खाली चालतं' एवढंच उरतं. मूळ नियम मात्र कोणी वाचत नाही. त्यात 'स्क्रिप्ट' कशाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येतून असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, कोर्सवर्क, निबंध, उत्तरपत्रिका हे सगळं चक्क वगळलंय. म्हणजे ज्या १० टक्क्यांच्या आधाराने तू निवांत होतीस ते तुझ्या असाइनमेंटला लागूच नाहीत, ते मास्टर्सच्या डेझर्टेशनला आणि पीएचडीच्या प्रबंधाला. असाइनमेंटमध्ये काय चालतं ते डिपार्टमेंट आणि शिकवणारे ठरवतात, त्यामुळे तुझ्या मॅडम ९ टक्क्यांवरही बोलावू शकतात आणि ३० टक्क्यांवर काहीही न बोलता मार्क देऊ शकतात, दोन्ही मी बघितलंय आणि दोन्ही वेळा मला बरोबरच वाटलं होतं. त्याच नियमात प्लेजरिझमची जी व्याख्या आहे तिच्यात टक्क्यांचा आकडाच नाही, दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून दाखवणं, संपलं.

आता तो रिपोर्ट. टर्निटिन असो, ड्रिलबिट असो, ही सॉफ्टवेअरं चोरी शोधत नाहीत, जुळणारे शब्द शोधतात, आणि म्हणून त्याला सिमिलॅरिटी रिपोर्ट म्हणतात. तुझ्या ३४ मध्ये काय काय असेल बघ. शेवटची संदर्भयादी जुळणारच, तीच पुस्तकं बाकीच्यांनीही वापरलीत. कव्हर पेज, युनिव्हर्सिटीचं नाव, सगळ्या वर्गाला दिलेला प्रश्न तू वर जसाच्या तसा टाइप केलास तो, हे सगळं जुळणार. अवतरणचिन्हांत घेतलेले उतारे जुळणार. यूजीसीच्याच नियमात संदर्भयादी, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं हे मोजायचं नाही असं आहे, आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाने जुळलेलं पण सोडायचं आहे, पण ती सेटिंगं रिपोर्ट काढणाऱ्याने लावली तर ना. बऱ्याचदा लावलेली नसतात. मी काय करते, वरचा आकडा बघतच नाही, उजवीकडे सोर्सची यादी असते ती बघते. पंचवीस ठिकाणाहून एक-एक टक्का असेल तर तो बहुतेक कचरा असतो, 'इन द लेट नाइन्टीन्थ सेंच्युरी' असले तुकडे. पण एकाच सोर्समधून सलग दोन परिच्छेद रंगलेले असतील, तर एकूण ७ टक्के का असेना, मी पोराला बोलावते. तुझ्या मॅडमनी हेच बघितलं असणार असं माझं मत.

किंवा त्यांनी टूलचं इंग्रजी वाचलं असेल. ते लपत नाही ग. २०२१ मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या पेपरांमधले असले विचित्र शब्दप्रयोग गोळा केले, 'टॉर्चर्ड फ्रेझेस' नाव दिलं, त्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल'. तुझ्या विषयात 'कंपल्सरी प्रायमरी एज्युकेशन'चं 'ऑब्लिगेटरी एलिमेंटरी स्कूलिंग' होतं, 'प्रिन्सली स्टेट'चं 'रॉयल कंडिशन' होतं, आणि वाचणाऱ्याच्या एका मिनिटात लक्षात येतं की हे लिहिणाऱ्याने स्वतः वाचलेलं पण नाहीये. अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी रशियन अक्षरं टाकणं, पांढऱ्या रंगात शब्द दडवणं, हे प्रकार टर्निटिन वेगळा झेंडा लावून दाखवतं. मराठी-गुजराती असाइनमेंटवाले जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये टाइप करून देतात, की सॉफ्टवेअरला वाचताच येऊ नये. येत नाही ते खरं, पण मग रिपोर्ट शून्य टक्के येतो, संदर्भयादीसुद्धा जुळत नाही, आणि हे अशक्य आहे ते तपासणाऱ्याला कळतं.

बदलायचं म्हणजे मग काय, ते एका वाक्यावर दाखवते. समजा पुस्तकात असं आहे (वाक्य मीच बनवलंय, कुठल्या पुस्तकातलं नाही): "अमरेली तालुक्यात १८९३ साली सुरू झालेला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केवळ शैक्षणिक नव्हता, तर रयतेला राज्यकारभाराशी जोडणारा राजकीय विचार त्यामागे होता."

बहुतेक पोरं हे करतात: "अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये आरंभ झालेला अनिवार्य शिक्षणाचा उपक्रम फक्त शैक्षणिक नसून प्रजेला प्रशासनाशी जोडणारी राजकीय कल्पना त्याच्या पाठीशी होती." सॉफ्टवेअर कदाचित गप्प बसेल. पण सांगाडा तोच आहे, 'केवळ नव्हता तर' हे वळण तेच आहे, मुद्दा तोच आहे, आणि नाव कोणाचंच नाही. शेवटी कंसात लेखकाचं नाव टाकलंस तरी अर्धच सुटतं, कारण मग वाचणाऱ्याला वाटतं की विचार त्यांचा आणि वाक्य तुझं, आणि वाक्य तुझं नाहीये.

आता हे बघ: "१८९३ च्या अमरेलीतल्या प्रयोगाकडे अमुक लेखक राजकीय पाऊल म्हणून बघतात, शाळेच्या निमित्ताने रयत आणि दरबार एकमेकांशी बांधले जावेत हा हेतू होता असं त्यांचं म्हणणं (पान ४७). पण सक्ती सगळ्या संस्थानात लागू व्हायला १९०६ उजाडलं, आणि हेतू इतका ठाम होता तर मधली तेरा वर्षं कशात गेली हे त्यांच्या मांडणीत सापडत नाही." इथे कोण काय म्हणतंय ते दिसतं. अमुक लेखकाचं कुठपर्यंत आणि तुझं कुठून सुरू, ते 'पण' शब्दावर कळतं. तपासणारी बाई मार्क देते ते त्या 'पण'च्या पुढच्या भागाला, आणि तिथे कुठलं टूल तुला मदत करू शकत नाही कारण तेरा वर्षांचा प्रश्न तुला पडायला लागतो.

आणखी एक यातच बघून घे. १८९३ आणि १९०६ ही सालं कुठल्याही पुस्तकात मिळतात, त्यांना संदर्भ नाही दिला तर कोणी फाशी देत नाही. 'राजकीय विचार त्यामागे होता' हा मात्र कोणीतरी काढलेला अर्थ आहे, त्याला नाव लागतंच. मुलं नेमकं उलटं करतात, सालाला तीन-तीन संदर्भ आणि अर्थ बिननावाचा.

आता गुजराती पुस्तक. तुझ्यासारख्या पोरांना आपल्याकडे तीन-तीन भाषा येतात, हा खरं तर मोठा फायदा आहे, आणि नेमका तिथेच पाय घसरतो. गुजरातीतला परिच्छेद तू इंग्रजीत नेलास तर इंग्रजी शब्द तुझे, मेहनत तुझी, ते कबूल, पण कुठला दाखला आधी, कुठला नंतर, मुद्दा कुठे वळवायचा, कुठे थांबायचं, हे त्या लेखकाचं. सॉफ्टवेअर शून्य दाखवतं कारण त्याला शब्द जुळवता येतात, आणि ते जुनं गुजराती पुस्तक त्याच्याकडे बहुधा नाहीच. पण ते पुस्तक तुझ्या मॅडमच्या कपाटात असू शकतं ना, बडोद्याच्या इतिहासावर शिकवणारी बाई बडोद्यावरची गुजराती पुस्तकं वाचणार नाही तर काय. माझ्याकडे आलेल्या एका असाइनमेंटमध्ये पुस्तकातली छपाईची चूक, चुकीचं साल, तसंच्या तसं इंग्रजीत उतरलं होतं, आणि नावांची स्पेलिंगं गुजराती उच्चाराने केलेली, बाकी सोर्स सगळे इंग्रजी दाखवलेले. सॉफ्टवेअरचा रिपोर्ट अगदी स्वच्छ होता.

बरं, भाषांतर करणं वाईट नाही, आपल्या गावात तर ते फार जुनं काम आहे, सयाजीरावांच्या नावाची पुस्तकमाला आहे ना, त्या सयाजी साहित्यमालेत कितीतरी पुस्तकं भाषांतरातून आली. फक्त सांगायचं. थेट वाक्य घेतलंस तर अवतरणात घाल, लेखक, पान, आणि पुढे 'भाषांतर माझं' एवढं लिही. नुसता मुद्दा घेतलास तर लेखक आणि पान. यादीत पुस्तकाचं गुजराती नाव रोमन लिपीत लिहून शेजारी इंग्रजी अर्थ. एवढ्याने तोच अर्धा भाग चोरीचा न राहता तुझ्या असाइनमेंटची जमेची बाजू होतो, कारण वर्गातल्या किती जणींनी गुजराती सोर्स वापरला असेल? ज्याचं श्रेय मिळालं असतं तेच तू लपवून बसलीस.

तसंच दुसऱ्या हातच्या आकड्यांचं. पुस्तकात लिहिलेलं असतं की बडोदा संस्थानाच्या ॲडमिनिस्ट्रेशन रिपोर्टप्रमाणे (म्हणजे सरकारी कारभाराच्या अहवालाप्रमाणे) शाळा इतक्या, आणि पोरं खाली थेट ॲडमिनिस्ट्रेशन रिपोर्टचा संदर्भ टाकून मोकळी. तू तो रिपोर्ट बघितलास का? नाही ना, मग 'अमुक पुस्तकात उद्धृत' असं लिही. आणि बघायचाच असेल तर युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत किंवा मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून तरी बघ, बाहेरगावचे लोक बडोद्यावर काम करायला इथे येऊन राहतात आणि आपण दांडियाबाजारातून दहा मिनिटं जात नाही.

हे सगळं घडतं कधी, तर लिहिताना नाही, नोट्स काढताना. रात्री दोन वाजता कोणी ठरवून चोरी करत नाही, करणारे असतात पण थोडे. बाकीच्यांचं असं होतं की महिन्यापूर्वी पुस्तकाच्या पानांचे फोटो काढले, काही ओळी फोनमध्ये टाइप केल्या, काही पीडीएफमधून कॉपी-पेस्ट, मध्येमध्ये स्वतःचं काहीतरी, सगळं एकाच वर्ड फाइलमध्ये, आणि आता सबमिशनच्या आदल्या दिवशी त्या फाइलमधलं कुठलं वाक्य कोणाचं ते स्वतःलाच सांगता येत नाही. मी मुलांना वही घ्यायला लावते, डाव्या पानावर पुस्तकाचे शब्द, अवतरणचिन्हांत, पान नंबरासकट, उजव्या पानावर स्वतःचं, आणि लिहायला बसलं की पुस्तक बंद, फक्त उजवं पान उघडं. लॅपटॉपवर करणाऱ्यांनी दुसऱ्याचं लाल अक्षरांत ठेवावं, लाल असलेलं एकही वाक्य अवतरणाशिवाय फायनलमध्ये जाता कामा नये. मुलं म्हणतात मॅडम वेळ जातो. मग मी त्यांना आपल्या बडोद्याच्याच प्राच्य विद्या मंदिराने काढलेली वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती दाखवते, १९६० ते १९७५ मध्ये सातही कांडं निघाली, पान उघडलं की वर दोन-चार श्लोक आणि खाली बारीक टाइपात कुठल्या हस्तलिखितात कुठला शब्द वेगळा आहे त्याची रांग. त्यापुढे तुमचा पान नंबर लिहायचा कंटाळा काय सांगता. (थोडं नाटकी आहे, मला माहितीये, पण पोरं गप्प होतात.)

संदर्भाच्या फॉरमॅटचं फार टेन्शन घेऊ नकोस. एपीए की एमएलए ते डिपार्टमेंटला विचार, झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे ते टाकून घे, फक्त त्याने आपोआप भरलेलं एकदा डोळ्यांनी तपास, गुजराती-मराठी पुस्तकांची नावं त्यात बहुतेक हातानेच भरावी लागतात. लांब उतारा, एपीएमध्ये ४० शब्द किंवा जास्त, वेगळा आत सरकवून लिहायचा, अवतरणचिन्हं नाहीत. कॉमा चुकला म्हणून कोणी कमिटी बसवत नाही.

एआयबद्दल तू विचारलं नाहीस पण टूल वापरलंयस म्हणून सांगते. इंग्रजी कच्चं आहे म्हणून व्याकरण तपासून घेतलंस तर माझा विरोध नाही, पण डिपार्टमेंटचा नियम आधी विचार आणि वापरलंस तर एका ओळीत लिही काय वापरलं, कशासाठी. परिच्छेदच्या परिच्छेद लिहून घेतलास तर ते तुझं नाही, मग सॉफ्टवेअर काहीही म्हणो. आणि त्याने दिलेले संदर्भ तर डोळे झाकून घेऊच नकोस, लेखक खरा, जर्नल खरं, आणि असा पेपरच अस्तित्वात नाही हे सर्रास होतं. डीओआय (प्रत्येक पेपरला मिळणारा ऑनलाइन ओळख नंबर) टाकून पेपर उघडतो का बघ, उघडला तर त्यात ते म्हटलंय का बघ. उलट बाजूही आहे, एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी स्वतः भरवसा ठेवत नाही. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं असं टूल २०२३ च्या जुलैत बंद केलं, अचूकता कमी म्हणून, आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध असली टूलं निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरवतात. म्हणजे आपल्यासारख्यांचं सरळ, साधं, पुस्तकी इंग्रजी. म्हणून ड्राफ्ट ठेवायचे. गुगल डॉक्समध्ये लिहिलंस तर व्हर्जन हिस्ट्री आपोआप राहते, कोणत्या दिवशी काय लिहिलं ते दाखवता येतं.

आणि मैत्रिणीला फाइल देणं. नवरात्र आलं की मला दरवर्षी माहीत असतं काय होणार, नऊ रात्री गरबा, दसऱ्यानंतर सबमिशन, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोणी केलंय का, फक्त बघायला पाठव'. बघायला पाठवलेली फाइल नाव बदलून येते. दोन्ही समोर आल्या की कोणी कोणाची घेतली ते मला कळत नाही, मी दोघींना बोलावते, आणि देणारी जास्त रडते. आपसात चर्चा करा, सोर्स वाटून घ्या, फाइल देऊ नका. स्वतःचीच मागच्या सेमेस्टरची असाइनमेंट दुसऱ्या पेपरला फिरवून देणं पण यातच येतं, स्वतःचं असलं तरी. पुढे वाढवायची असेल तर आधी विचारून घे, बहुतेक जण हो म्हणतात.

आता मॅडमकडे जाशील तेव्हा. ९ टक्के आहेत हा मुद्दा काढूच नकोस, त्यांना तो दिसतोय. मूळ ३४ वाला ड्राफ्ट, नोट्स, ते गुजराती पुस्तक, हे सगळं घेऊन जा. कुठला भाग टूलमधून काढला आणि कुठला भाषांतर आहे ते त्यांनी विचारायच्या आधी दाखव, परिच्छेदावर पेन्सिलीने खूण करून. 'मला माहीत नव्हतं' हे एकदाच म्हण, दहा वेळा नको, आणि मैत्रिणीचं नाव तर मध्ये आणूच नकोस. मग विचार की परत लिहून देऊ का. असाइनमेंटच्या बाबतीत बहुतेक शिक्षक देऊ देतात, मार्क कापतील कदाचित, कापू देत. काही जण तोंडी विचारतात, हा परिच्छेद समजावून सांग, तर त्याची तयारी करून जा, स्वतः वाचलेलं असेल तर दोन मिनिटांत सांगता येतं.

परत लिहिलेलं देण्याआधी कुठेतरी चेक करून घ्यायचा मोह होईल. सायबरवाल्याकडे पैसे देऊन रिपोर्ट काढू नकोस, तुझी फाइल तिथून कुठे जाते ते कोणाला माहीत नसतं. डिपार्टमेंटमध्ये किंवा लायब्ररीत काढून देत असतील तर देताना सांग की ड्राफ्ट आहे, रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्यात, सेव्ह करू नका. नाहीतर ती फाइल डेटाबेसमध्ये बसते, आणि फायनल सबमिट केलीस की तुझीच असाइनमेंट तुझ्याच असाइनमेंटशी ९०-९५ टक्के जुळलेली येते. तशी आलीच तर घाबरू नकोस, सोर्सच्या जागी आपल्याच युनिव्हर्सिटीचं नाव आणि ड्राफ्ट दिला त्या दिवसाची तारीख दिसते, ती मॅडमना दाखव, तो सोर्स वगळून रिपोर्ट परत काढता येतो.